मिरजेच्या त्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचलंत की कळेलच, तासगावकडचे आबा, बायपासवाले, खिडकीजवळचा बेड.

आबा काल पहिल्यांदा मळ्यापर्यंत चालत गेले. छातीची जखम एकदम कोरडी आहे. हे एवढं सांगायला हात शिवशिवत होते म्हणून लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी आबांचा गुडघा बदलला तो दुसऱ्या एका दवाखान्यात. तिथं ड्रेसिंग करणारा माणूस एका बेडवरनं दुसऱ्या बेडवर त्याच ग्लोव्हजनी जायचा, मी डोळ्यानं बघत होतो आणि गप्प बसलो, ते मला अजून खातंय. टाक्यातनं पाणी यायला लागलं तर म्हणे शुगर आहे ना, होतंच असं. कल्चर, म्हणजे जखमेत कुठला जंतू आहे ती तपासणी, करायला किती दिवस घालवले, शेवटी एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू, निघाला आणि बसवलेला गुडघा काढावा लागला. पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही. हा जंतू काही काल-परवाचा नाही, इंग्लंडात १९६१ लाच सापडलाय, हे मला तुमच्याकडनं कळलं तेव्हा तर अजूनच संताप आला, कारण सॉरी तर सोडाच, साधं बसवून कुणी समजावलं पण नव्हतं.

म्हणून बायपास म्हटल्यावर आबा अडून बसले. "गुडघा सडला तर पाय गेला, छाती सडली तर काय करायचं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या भागात मोठं दुखणं निघालं की मिरज, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला तिथं दवाखाना काढला तेव्हापासनंच तसं चालत आलंय, त्यामुळं कसंबसं समजावून आणलं.

तुम्ही घाई केली नाही. स्टूल ओढून बसलात आणि सांगितलंत की १० पैकी ३ माणसांच्या नाकात साधा स्टॅफ जंतू (एमआरएसए हा त्याचाच हट्टी प्रकार) गुपचूप बसलेला असतो, त्रास देत नाही, चीर पडली की आत शिरतो. आबांच्या नाकातला निघाला तो औषधाला दाद न देणाराच. मग पाच दिवस दोन वेळा नाकात म्युपिरोसिनचं जंतू मारणारं मलम, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं अंघोळ, रोज धुतलेला टॉवेल. केस काढायला वस्तरा घेऊ दिला नाहीत, मशीनच लावलीत, का तर वस्तऱ्याचे बारीक ओरखडे जंतूला पुरतात.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. तुम्ही आबांना म्हणालात, "आबा, जो कोणी तुम्हाला हात लावायला येईल त्याला विचारायचं, हात धुतले का? पहिल्यांदा मलाच विचारा." आबा डॉक्टरपुढं मान वर न करणारा माणूस, लाजत लाजत विचारलं. तुम्ही नुकतेच धुऊन आला होतात, मी बघितलं होतं. तरी "धुतले की" असं न म्हणता परत बेसिनवर गेलात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगट सगळं चोळून आलात, ओले हात आबांपुढं धरलेत आणि म्हणालात, "थँक्यू आबा, विचारलंत." कोपरावरनं पाणी गळत होतं. आबांचे डोळे भरले सिस्टर, तुम्ही बघितलं नसेल, तुम्ही हात पुसत होतात.

दुसऱ्या दिवशी आबांनी मोठ्या सर्जनना विचारलं! ते पण हसले, बाटलीतलं सॅनिटायझर घेऊन आमच्यासमोर हात चोळले, राग नाही की काही नाही. ऑपरेशनची भीती तिथंच निम्मी गेली असं आबा म्हणतात. माणसाला माणसाकडनं किती कमी लागतं हो, विचारू द्यायचं आणि विचारलं म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. बारा-बारा तासाची ड्युटी करून, एवढ्या पगारात, हे ज्यांना जमतं त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत.

पुढच्या महिन्यात चेकअपला येतोय. आबांनी बेदाण्याचा डबा आत्ताच भरून ठेवलाय, घरचे आहेत, नको म्हणू नका. तुमची ड्युटी सकाळची असते का दुपारची तेवढं कळवा.