धुऱ्याचे वाद मिटतात, कूलरचे का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

नागपुरात एप्रिल लागला की दोन गोष्टी चालू होतात, कूलर आणि कूलरवरून भांडणं. आमच्या अन् शेजाऱ्यांच्या घराच्या मधात जेमतेम चार फूट जागा, तिथं त्यांचा मोठा लोखंडी कूलर, रात्रभर घरघर आणि पाणी सगळं आमच्या भिंतीवर, त्याच भिंतीला आतून माझ्या आईचा पलंग. मागच्या वर्षी बोलायला गेलो तर म्हणे, 45 डिग्रीत लेकरं झोपवायची कशी? तेही चूक नव्हतं म्हणा. पण आवाज चढले, शिवीगाळ झाली, मी तणतणत ठाण्यात. तिथं एनसी लिहून कागद हातात दिला, अदखलपात्र आहे, पुढं कोर्टात जा. कूलरसाठी कोर्टात! त्या कागदानं एकच झालं, चार महिने बोलणं बंद.

फ्लॅटवाल्यांना निदान सोसायटी असते, आम्ही लेआउटमधले प्लॉटवाले कोणाकडे जाणार? गावांसाठी 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली, माझ्या सासुरवाडीला धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद समितीसमोर बसून मिटलेले मी पाहिले आहेत. शहराच्या वाट्याला ते काहून नाही? 2023 च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या अशा वादांसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनलची तरतूद आहे. त्यांच्यासमोरच्या समझोत्याला कोर्टाच्या हुकुमाची ताकद नाही हे खरं, पण रोज तोंड पाहायचं त्याच्याशी हुकूम घेऊन कोण राहतो. आणि दावा न टाकताही लोकअदालतीत जाता येतं, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, 15100 वर फोन करून विचारताही येतं, हे मला सगळं झाल्यावर समजलं. एनसी लिहिणाऱ्यानं एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. मनपाने दहाही झोनमध्ये महिन्यातला एखादा रविवार यासाठी समाजभवन उघडून द्यावं, बसायला रिटायर्ड मंडळी पुष्कळ आहेत.

आमचं शेवटी चौथ्या घरच्या काकूंनी मिटवलं. चहा ठेवला आहे, दोघंही या, एवढाच निरोप. कूलरखाली ट्रे, ट्रेला पाइप, स्टँडच्या पायांखाली रबर, पाइप त्यांचा, रबर माझं. एनसीचा कागद कपाटात पडून आहे. यंदा कूलर लावायच्या आधी त्यांनीच गेटवरून आवाज दिला, भाऊ, पाइप कोणत्या बाजूनं सोडू?

– एक लेआउटवासी, मानेवाडा रोड, नागपूर