आईच्या ताटाविषयी

नौपाडा, ठाणे

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना दारातच तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आईकडे बघतच नाही," आणि त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होते. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेले. दिवाळीत ५२ किलो असलेले वजन आता ४६ भरले.

सहा ते बारा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा जरी आपोआप उतरला, तरी ते वयावर ढकलू नये, असे डॉक्टर म्हणाले. माईंच्या वेळी आपण नेमके तेच केले होते. वयाबरोबर वास आणि चव मंदावते, पोट सावकाश रिकामे होते, चार घासांत भरल्यासारखे वाटते, हे खरे. पण तिची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळीही भूक मारू शकते, शिवाय सैल कवळी, बद्धकोष्ठता, थायरॉईड, मनाची उदासी ही कारणे शोधता येतात. रक्त तपासायला दिले आहे. खुर्चीचे हात न धरता पाच वेळा उठायला सांगितले, तेव्हा तिसऱ्या वेळी ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने एका दमात चढणारी ही बाई! परवा ताट उचलताना वाटीखाली पोळीचा चतकोर घडी करून ठेवलेला सापडला. अंगठी गळू नये म्हणून तिने तिला आतून दोरा गुंडाळला आहे, हे मला कालपर्यंत दिसले नव्हते. तुझे म्हणणे खरे होते.

आता भरलेले ताट तिच्यापुढे ठेवत नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे देतो: वरणावर तूप, उपम्यात दाण्याचे कूट, दुधात दुधाची पावडर, संध्याकाळी एक अंडे. प्रथिने दिवसाला पन्नासेक ग्रॅम व्हायला हवीत, आणि हालचाल नसेल तर नुसत्या खाण्याने स्नायू धरत नाहीत, म्हणून तलावपाळीला अर्धी फेरी मारतो. वजन आठवड्यातून एकदाच करायचे आहे. मी बुधवारीही केले. ४६च.

तूही सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडतेस. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू उतरू लागतात, तेव्हा आत्तापासूनच नीट जेवून, चालून अंगात ताकद साठवायची असते, हे तुला कितीदा सांगितले! पुन्हा उपदेश सुरू झाला, माफ कर. नोकरी आणि मुले सांभाळून तू रात्रीच्या गाडीने उभ्याउभ्या आलीस, याचा मला अभिमान वाटतो, हे दारात सांगायचे राहून गेले.

जमेल तेव्हा दुपारी एक वाजता, ती जेवायला बसते त्या वेळी, फोन करत जा. काल तुझ्याशी बोलता बोलता तिने वाटीभर वरणभात संपवला आणि माझ्याकडे न पाहताच वाटी पुढे केली. मी आणखी एक डाव वाढला.

तुझे बाबा