मारुती चौकाजवळच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलीस

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव विचारायचं राहिलं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी भर उन्हात नातवाचा हात धरून एक म्हातारा आला आणि दुकानात पाय ठेवता ठेवता "फॉरमॅट मारायचा नाही" म्हणाला, तो मी. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसाने फोन नीट बघितलाही नाही. "मेमरी फुल्ल आहे, फॉरमॅट मारावा लागेल" म्हणून मोकळा झाला.

फोटोंचं तेव्हा घाईत सांगितलं, आता नीट सांगतो. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आत शिरलं तेव्हा धान्य, गाद्या, भांडी माळ्यावर चढवली आणि अल्बम राहिले कपाटाच्या खालच्या खणात. पाणी उतरल्यावर आमच्या हिने एकेक फोटो सुटा करून दोरीवर चिमट्याने अडकवला. बरेचसे एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. वाचलेले वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवले, तर त्यांचा रंग कागदाला लागायला लागला. म्हणून गेल्या दिवाळीत लेकीने माझ्याच फोनवर त्या सगळ्यांचे फोटो काढून घेतले. एकशे बारा.

रामनवमीला फोन 'जागा नाही' म्हणून अडून बसला. सगळं आपोआप वर गूगलच्या खात्यावर चढतंय, मग इथलं पुसलं तर काय बिघडतं, अशा हिशेबाने मी पुसत सुटलो. पुढे लेकीने एक फोटो मागितला, तेव्हा पाठवायला काहीच नव्हतं.

तू फोटोच्या ॲपमधल्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "आबा, गणपतीपासनं तुमचं बॅकअपच झालेलं नाही की." गूगलच्या खात्यावर फुकटात १५ जीबी मिळतात आणि त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो आणि आता व्हॉट्सॲपचं बॅकअपसुद्धा, हे मला त्या दिवशी कळलं. माझी जागा खाल्ली होती शुभ सकाळच्या व्हिडिओंनी. दोनशेवर तर एकाच ग्रुपवरचे होते. (ग्रुपचं नाव घेत नाही, सगळे व्याही आहेत.) आणि फोटोच्या ॲपमधून पुसलं की फोनमधलं जातं तसं वरचंही जातं, नुसती फोनमधली जागा मोकळी करायचं बटण वेगळं.

मग तू ट्रॅश, म्हणजे पुसलेले फोटो जाऊन पडतात ती टोपली, उघडलंस. वर चढलेला फोटो तिथे ६० दिवस टिकतो, न चढलेला ३०. मी बोटं मोजली. रामनवमीपासून तेवीस दिवस झाले होते. फॉरमॅट मारला असता तर तेही गेलं असतं. पडद्यावर पहिला फोटो आला तो आयर्विन पुलावरचा, आमच्या लग्नानंतरचा. पाण्याचा डाग माझ्या चेहऱ्यावर पडलाय, तिच्या नाही. तू हसलीस. मी फडक्याने चष्मा पुसत राहिलो, तो घाम नव्हता.

दुसरं प्रकरण आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण मला ठाऊकच नव्हतं. बँकेचे मेसेज तुला दिसले. गेममधले डायमंड, खरे पैसे मोजून घेतलेले. नातू एकदम गप्प झाला. त्याला यूपीआयचा पिन कुणी सांगितला? मीच. चष्मा सापडत नव्हता म्हणून भाजीवाल्याला पैसे देताना "तू दाब रे" म्हटलं होतं. तू त्याला रागावली नाहीस, हे माझ्या मनात राहिलं. बिलाच्या पाठीवर पेन देऊन म्हणालीस, "कर बेरीज." ८९, ८९, १५९, २९९, १५९, ८९, ४४९. त्याने १,२३३ लिहिले. मी चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो, हातचा राहिलाय हे उलट्या बाजूनेही दिसलं. १,३३३. पण स्वतःच्या फोनवरचे सात मेसेज मला दिसले नव्हते.

४४९ चा व्यवहार आदल्या संध्याकाळचा होता. ४८ तास उलटायच्या आत गूगलकडे पैसे परत मागता येतात म्हणून तू लगेच मागणी टाकलीस. ते परत आले. बाकीचे गेले ते गेले. पिन बदलायला लावलास, आणि नवा टाकताना माझ्याकडे पाठ करून उभी राहिलीस. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावलीस. मला वाटलं होतं, वयाची मर्यादा घातली की झालं. तू सांगितलंस, त्याने वयाला न शोभणारे गेम अडतात, पैसे अडत नाहीत. ती दोन कुलुपं वेगळी. फॅमिली लिंकवरचं, म्हणजे आईबापांनी मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायच्या गूगलच्या ॲपवरचं, मुलाचं खातं लेकीने त्याच रविवारी काढलं. आता त्याने काही घ्यायचं म्हटलं की आधी तिच्या फोनवर विचारणा येते. पहिल्याच आठवड्यात चार आल्या, चारही नाकारल्या.

बॅकअपची तारीख मी आता दर रविवारी बघतो आणि डायरीत टिपून ठेवतो. सवयच ती.

इतकं करून तू घेतलेस किती, तर स्क्रीन गार्डचे शंभर रुपये. वर म्हणालीस, "बाकीच्याला काय पैसे घ्यायचे आबा." पुढच्या आठवड्यात येतोय, भडंगाची पिशवी आणतो. त्याला मात्र नको म्हणू नकोस.

आणि एक. फोटो मधे तेवीस दिवस गायब होते, हे आमच्या हिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र ती वाचणार. तेव्हा पिशवी घेऊन ती स्वतःच आली, तर माझी बाजू थोडी सावरून घे.

तुझा,
गावभागातला आबा