ऑयलरने न केलेले भागाकार

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, २१४७४८३६४७ मध्ये एक मिळवला की प्रोग्राम एकदम उणे उत्तर देतो. संगणक अशी संख्या ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांत, साठवतो. त्यांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की ३१ उरतात आणि त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ चा ३१वा घात उणे १. हे तुला वर्गात शिकवलं असेलच. पण ही संख्या मूळ आहे, आणि ते ज्या रीतीने सिद्ध झालं ती मला फार आवडते, म्हणून हे पत्र.

१७७२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये थोर गणिती ऑयलरने हे सिद्ध करून डॅनियल बर्नुली या दुसऱ्या गणितीला कळवलं. तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या जरासं पुढे जातं. तिथपर्यंत सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. सरळ मार्ग म्हणजे एकेकीने भागत बसायचं. ऑयलरने आधी विचार केला तो असा, की भाजक असलाच तर तो कसा असावा लागेल?

समज, प ही मूळ संख्या तिला भागते. म्हणजे २ च्या ३१व्या घाताला प ने भागलं की बाकी १ उरते. फर्मा या गणितीचं प्रमेय सांगतं की २ च्या (प − १)व्या घातालाही बाकी १ च उरते. ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून ३१ ने प − १ ला भाग गेलाच पाहिजे. नाही गेला, तर खुद्द २ ला भागून बाकी १ उरेल, आणि ते अशक्य. शिवाय प विषम, म्हणून प − १ ला ६२ ने भाग जातो. इथे जरा थांब, कागद घे आणि स्वतः करून बघ. नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही.

पुढची पायरी आणखी देखणी आहे. ३१व्या घाताची बाकी १, तर ३२व्याची २. पण ३२वा घात हा १६व्या घाताचा वर्ग! ज्या मूळ संख्येने एखाद्या वर्गाला भागल्यावर बाकी २ उरते, तिला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की प हा २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच रूपाचा असतो (क म्हणजे ०, १, २, ३ असा कुठलाही आकडा). ४६३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेसुद्धा नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच मूळ नसल्याने आपोआप गळतात. उरलेल्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

पुढे कितीतरी वर्षं याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३६२७९८४१वा घात उणे १ ही चार कोटींहून अधिक अंकांची आहे, पण कुळ तेच, मर्सेन या गणितीच्या नावाचं: २ चा कुठलातरी घात उणे १.

आता तुझ्यासाठी एक काम. २ चा २९वा घात उणे १, म्हणजे ५३६८७०९११, मूळ नाही. तिला तीन मूळ भाजक आहेत. ५८क + १ ची यादी कर, ८ ची अट लाव, मूळ नसलेल्या काढून टाक. उरलेल्या यादीतल्या पहिल्याच संख्येने भाग जातो. बाकीचे दोन शोधून मला कळव. प्रोग्राम नको, हाताने कर.

तुझा,
बाबा