लेबलं दोन, टाय एकच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : टायची चुकीची लांबी, दिशाभूल करणारा मापांचा तक्ता आणि डब्यातलं गाठीचं कार्ड याबाबत तक्रार

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून दोन टाय मागवले, एक माझ्यासाठी आणि एक धाकट्या भावासाठी. माझी उंची सहा फूट दोन इंच, कॉलर 18 इंच, आणि पोटही बऱ्यापैकी आहे. भाऊ पाच फूट चार इंच, अंगानं किडकिडीत, कॉलर साडेचौदा. आपल्या फॉर्ममध्ये फक्त उंची विचारली होती. त्यानुसार मी स्वतःसाठी ‘लाँग’ निवडला आणि भावासाठी ‘शॉर्ट’.

डबे आले. एकावर लाँग, दुसऱ्यावर शॉर्ट. टेप लावला तर दोन्ही टाय टोकापासून टोकापर्यंत 147 सेंटीमीटर! म्हणजे बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही साध्या टायएवढे. फरक काय तो लेबलात. एवढ्यावरच भागलं असतं तर बदलीचा अर्ज पाठवून मी गप्प बसलो असतो. पण पुढे जे घडलं त्यावरून वाटतं की टायची लांबी कशावर ठरते हेच आपल्याकडे कोणी पाहिलेलं नाही.

डब्यातलं कार्ड सांगतं : ‘भारदस्त शरीरयष्टीच्या पुरुषांनी नेहमी फुल विंडसर गाठ बांधावी.’ कंपनीच सांगते आहे म्हटल्यावर महत्त्वाच्या बैठकीच्या सकाळी मी तीच, जास्त वेढ्यांची रुंद तिकोनी गाठ बांधली. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापाशी टेकायला हवं. माझं टोक त्याच्या पाच बोटं वर थांबलं. गाठ सोडून, रुंद टोक आणखी खाली ओढून पुन्हा बांधली. आता पुढचं टोक बकलापाशी पोचलं, पण मागचं अरुंद टोक इतकं आखूड उरलं की टायच्या मागे शिवलेल्या पट्टीत अडकेना. ते कोटाच्या आत मोकळं फिरत राहिलं आणि मी बैठकभर कोटाचं बटण लावून बसलो.

घरी येऊन हिशेब मांडला, तो आपल्यालाही पाठवतो. कॉलरभोवती 46 सेंटीमीटर गेले. गाठीपासून बकलापर्यंत 50. उरले 51. फुल विंडसरच्या वेढ्यांनी त्यातले 36 खाल्ले, म्हणजे मागच्या टोकाला जेमतेम 15. हाच टाय साध्या फोर-इन-हँड गाठीनं बांधला तर गाठीला सुमारे 20 लागले आणि मागे 31 उरले, कसेबसे पट्टीपर्यंत पोचतील एवढे. थोडक्यात, ज्या माणसाच्या मानेनं आणि धडानं आधीच टाय संपवत आणलाय, त्याला आपलं कार्ड इतकी खादाड गाठ बांधायला सांगतं. वर टाय देतं साध्या मापाचा.

म्हणून फक्त उंची विचारून भागत नाही. सहा फुटी माणसाची उंची सगळी पायात असेल तर त्याला 147 चा टाय सहज पुरतो. उलट मध्यम उंचीच्या पण जाड मानेच्या, लांब धडाच्या माणसाला तो तोकडा पडतो. कॉलरचं माप, मानेपासून पट्ट्यापर्यंतचं अंतर आणि कुठली गाठ बांधणार, हे तीन प्रश्न फॉर्ममध्ये घाला. शिंपी तरी उंची विचारून शर्ट शिवतो का?

भावाची गंमत वेगळी. त्याला मुलाखतीला जायचं होतं. पुढचं टोक बकलावर आणलं की मागचं टोक त्याच्याखाली पाच-सहा बोटं डोकावायचं. मागचं लपवलं की पुढचं पट्ट्याखाली लोंबायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जास्तीची लांबी जिरवायला त्यानं फुल विंडसर करून पाहिली, तर त्याच्या अरुंद चेहऱ्याखाली आणि छोट्या कॉलरमध्ये ती गाठ गळ्याला सूज आल्यासारखी दिसू लागली. शेवटी मीच त्याला फोर-इन-हँडला एक वेढा जास्त देऊन बांधून दिली. लांबी बरीच जिरली आणि गाठ निमुळती राहिली. कार्डावर हा उपाय नाही. ‘जास्तीचं टोक शर्टात खोचावे’ हा मात्र आहे. (रुंदीबद्दल थोडक्यात : 8 सेंटीमीटर मला ठीक, त्याच्या छातीवर मोठी. साडेसहा-सात बरी दिसली असती.)

आता आपल्या ग्राहक सेवेविषयी. पहिल्या फोनवर मला सांगण्यात आलं, ‘सर, टाय बांधायची योग्य पद्धत एकच असते, आपली गाठ चुकत असेल.’ 1999 साली केंब्रिजमधल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडून टाय बांधण्याचे 85 प्रकार निघतात असं ‘नेचर’मध्ये छापलं. आपल्या प्रतिनिधीचं एक धरलं तरी 84 उरतात. दुसऱ्या फोनवर तर उंटावरचा शहाणा भेटला : ‘थोडा ओढून बघा, कापड ताणतं.’ ताणतं, कारण टायचं कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापलेलं असतं, गाठीत नीट वळावं आणि सोडल्यावर पूर्ववत व्हावं म्हणून. ओढून लांब केलेला टाय आधी अरुंद होतो, मग वाकडा. तिसऱ्या फोनवर कळलं की टायला गाठीच्या सुरकुत्या पडल्यामुळे तो ‘वापरलेला माल’ ठरतो आणि परत घेता येत नाही. गाठ न बांधता टायची लांबी पुरते की नाही हे कसं पाहायचं, याचं उत्तर मिळालं नाही.

कार्डावर आणखी एक ओळ आहे : ‘ड्यूक ऑफ विंडसर यांची आवडती गाठ.’ ड्यूक, म्हणजे गादी सोडलेले ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड, स्वतः ही फुल विंडसर गाठ बांधत नसत. ते साधी फोर-इन-हँडच बांधत आणि गाठ भरदार दिसावी म्हणून टायचं आतलं अस्तर जाड करून घेत. माझ्यासारख्या आडव्या माणसाला खरा उपाय हाच आहे. वेढे वाढवण्यापेक्षा अस्तर जाड हवं. ज्याचं नाव गाठीला दिलं त्याचीच युक्ती कार्डावर नसावी याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या मागण्या अशा. मला 160 सेंटीमीटरचा, जाड अस्तराचा टाय बदलून द्यावा. टाय सहसा तीन तुकडे जोडून शिवतात, त्यामुळे मानेजवळचा मधला तुकडा लांब घेणं आपल्या कारखान्याला जड जाऊ नये. भावाला 135 च्या आसपासचा, कमी रुंदीचा द्यावा. ते जमत नसेल तर दोन्हींचे पूर्ण पैसे परत करावेत. डब्यावर ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ऐवजी सेंटीमीटर छापावेत. आणि ते कार्ड बदलेपर्यंत डब्यात घालू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. मापं, लेबलांचे फोटो आणि फोनच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपला एक ग्राहक

ता. क. अरुंद टोक धरून दोन्ही टाय हवेत लटकावून पाहिले. भावाचा सरळ राहिला, माझा गिरकी घेत फिरला, म्हणजे कापडाचा उरेब चुकलाय. बदली टाय पाठवण्याआधी कृपया एकदा लटकावून पाहावा.