लाउंजवालं कार्ड घेऊ नकोस

प्राजू बाळा,

काल तू फोनवर म्हणालीस की मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा क्रेडिट कार्ड देतोय, एअरपोर्ट लाउंज फ्री आणि वर ट्रॉली बॅग. बॅग चांगली असेल गं, पण तू विमानात बसलीस एकदाच, ती पण कंपनीच्या पैशाने! एरवी तुझं जाणंयेणं म्हणजे स्वारगेट ते कराड एसटी. फी अडीच हजार म्हणाला तो, त्यावर १८ टक्के जीएसटी धर, झाले २,९५०. एक टक्का कॅशबॅक मिळतो म्हणे, म्हणजे नुसती फी सुटायलाच वर्षाला २ लाख ९५ हजार उडवायला लागतील.

त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढ आणि पेन घेऊन बस. रूमचं भाडं बाजूला ठेव, कारण भाडं कार्डाने भरलं तर बऱ्याच ठिकाणी पॉइंट नाहीत, उलट चार्ज पडतो. मग उरतं काय, मेस, किराणा, रिक्षा आणि ऑनलाइन कपडे (आकडा आईला सांगत नाही). तू तर चहासुद्धा स्कॅन करून पितेस, मग रुपे क्रेडिट कार्ड बघ, ते यूपीआयला जोडता येतं आणि दुकानात स्कॅन करून चालतं. ऑनलाइनच जास्त निघालं तर साधं कॅशबॅकवालं, लाइफटाइम फ्री मिळालं तर बेस्टच. पेट्रोलचं कार्ड तुझ्या स्कूटीला कशाला.

आता माझं सांगतो, आईलाही पूर्ण माहीत नाहीये. आपला फ्रिज मी कार्डावर घेतला, २८ हजाराचा. बिलावर ठळक अक्षरात मिनिमम ड्यू १,४००, मला वाटलं हाच हप्ता, तेवढेच भरत गेलो. उरलेल्या रकमेवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे ४२ होतात हे डोक्यातच आलं नाही, आणि बाकी राहिली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे त्या महिन्यातल्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. शेवटी आरडी मोडून मिटवलं. म्हणून ऑटोपे लावशील तेव्हा टोटल ड्यू, म्हणजे पूर्ण बिल, निवड, मिनिमम नाही. आणि कार्डाने एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, त्याला एक दिवसाचीही सूट नसते.

शनिवारी येताना ते स्टेटमेंट घेऊन ये, बसून बघू. आईने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, मोकळा डबा आण.

बाबा