सूचना: जुन्या अमेरिकी भय आणि विज्ञानकथा कॉमिक्सचं स्कॅनिंग

सभासदांनो, अंक स्कॅनरवर ठेवण्याआधी एवढं वाचा.

मुखपृष्ठावरच्या महिन्यावर विसंबून नोंद करू नका. तो विक्रीच्या दोन-तीन महिने पुढचा छापत. प्रकाशकाचं नाव पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरांत सापडतं. कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांच्या स्वतःच्याच सेन्सॉरचा, शिक्का असेल तर अंक १९५५ किंवा नंतरचा. शिक्का नाही म्हणजे त्याआधीचाच, असं मात्र नाही: डेल या प्रकाशकाने तो कधीच घेतला नाही.

स्कॅनरची मांडणी: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, आपोआप सुधारणा बंद. पानामागे काळा कागद ठेवाच. न्यूजप्रिंट इतका पातळ असतो की स्कॅनरच्या पांढऱ्या झाकणामुळे मागच्या पानावरचा राक्षस पुढच्या नायिकेच्या चेहऱ्यावर उमटतो! पिना गंजलेल्या असतील तर ओढू नका, भोकाभोवतीचा कागदच सुटून येतो. अंक सपाट दाबू नका. कण्याजवळची अक्षरं थोडी वाकडी आली तरी चालेल. पिवळेपणा मूळ फाइलमध्ये घालवू नका, प्रतीत घालवा.

प्रकाशक बंद पडला म्हणून कॉपीराइटचे हक्क संपत नाहीत. १९६३ पर्यंतच्या अंकांच्या हक्कांचं २८व्या वर्षी नूतनीकरण झालं होतं का, ते तपासल्याशिवाय स्कॅन इतरांना पाठवू नये.